मिरचीची पथारी ते तिखटाचे पाकीट
लहान उद्योग आणि अन्नसुरक्षेचे नियम

नंदुरबार शहराच्या परिसरात हिवाळ्याच्या दिवसांत मोकळ्या माळावर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. तापी खोऱ्यातील शेतातून तोडलेली ओली लाल मिरची बाजार समितीत येते. व्यापारी ती खरेदी करून पथारीवर वाळवितात, मजूर स्त्रिया तिचे देठ खुडतात आणि त्यानंतर ती पोत्यांत भरून कारखान्यांकडे, डंक्यांकडे व परप्रांतातील बाजारपेठांकडे रवाना होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. परंतु मिरचीची बाजारपेठ म्हणून या गावाचे नाव त्यापूर्वीपासूनच देशभर परिचित आहे.

शेतातून ग्राहकाच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर ही मिरची अनेक हातांतून जाते. शेतकरी, अडत्या, पथारीमालक, डंकाचालक, पाकिटे भरणारा महिला बचतगट आणि किराणा दुकानदार असे हे हात होत. यांपैकी बहुतेक लहान व्यावसायिक आहेत. अन्नसुरक्षेचे नियम मोठ्या कारखान्यांसाठी असतात, आपला त्यांच्याशी संबंध नाही, अशी त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती लहान व्यावसायिकाच्या हिताचीही नाही. तक्रार उद्भवते तेव्हा ती ज्याच्या पाकिटात माल सापडतो, त्याच्या दारी प्रथम येते. दोष मागच्या एखाद्या हाताचा असला, तरी तो दाखवून देण्यासाठी शेवटच्या हाताजवळ कागद असावा लागतो. हा कागद नियमांच्या पालनातूनच निर्माण होतो.

नियमांची पार्श्वभूमी

भेसळीला आळा घालण्यासाठी देशपातळीवर अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ साली संमत झाला. त्या कायद्याचा मुख्य भर भेसळ पकडून खटला भरण्यावर होता. पुढे अन्नविषयक निरनिराळे कायदे व आदेश एकत्र करून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ तयार करण्यात आला. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले व जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्याची दृष्टी अधिक व्यापक आहे. पदार्थ सुरक्षित ठेवण्याची पहिली जबाबदारी त्याने व्यवसाय करणाऱ्यावरच टाकली आहे. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनामार्फत होते.

दोन्ही कायद्यांच्या मधल्या काळात मिरचीच्या व्यापाराला एक कडू अनुभव आला. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत ‘सुदान-१’ हा रंग आढळला. हा रंग कापड, मेण, तेल यांसारख्या औद्योगिक वस्तूंसाठी वापरला जातो. अन्नात त्याला परवानगी नाही. युरोपीय समुदायाने त्याच वर्षी आयात मिरचीसोबत तपासणीचा दाखला सक्तीचा केला. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये, असा रंग असलेले तिखट एका चटणीत वापरले गेल्याचे उघड झाले आणि त्या चटणीचा अंश असलेले चारशेहून अधिक तयार खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. रंग मिसळणारे हात थोडेच असतील; परंतु तपासणीचा खर्च आणि संशयाचा भार मिरचीच्या सर्व प्रामाणिक व्यापाऱ्यांवर पडला. बाजारपेठेचे नाव ही सामायिक मालमत्ता आहे, हा या घटनेचा धडा होय.

ओलावा : पथारीवरचा पहिला प्रश्न

मिरचीच्या सुरक्षिततेचा पाया पथारीवरच घातला जातो. मानकांनुसार अख्ख्या वाळलेल्या मिरचीत आणि तिखटातही ओलाव्याचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. ओलसर मिरचीवर बुरशी चढते. ‘ॲस्परजिलस’ जातीच्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृताला घातक असून त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि घरच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्टही होत नाही. मसाल्यांमध्ये एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत व त्यातील सर्वांत जहाल ‘बी-१’ हा प्रकार १५ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतो. एक हजार टन मिरचीत अवघे पंधरा ग्रॅम, असे या दुसऱ्या मर्यादेचे प्रमाण पडते. युरोपात ही मर्यादा आणखी कडक, म्हणजे ‘बी-१’साठी ५ मायक्रोग्रॅम आहे.

ओलाव्यात मोह कोठे दडलेला आहे, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एक क्विंटल ओल्या मिरचीत ७५ किलो पाणी व २५ किलो घन अंश आहे, असे समजू. ती ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविली, तर सुमारे २८ किलो माल हाती येतो. ओलावा १५ टक्क्यांवरच ठेवून ती पोत्यात भरली, तर सुमारे साडेएकोणतीस किलो भरते. क्विंटलमागे सव्वा किलोच्या आसपास जास्त मिळणारे हे वजन पाण्याचे असते. त्याच पाण्यावर पोत्यात बुरशी वाढते आणि काही आठवड्यांत संपूर्ण ढीग धोक्यात येतो. भरताना मिरची तुटू नये म्हणून किंवा वजन वाढावे म्हणून तिच्यावर पाणी शिंपडणे हे तर सर्वांत घातक होय.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. मातीवर थेट मिरची न पसरता स्वच्छ ताडपत्री अथवा सिमेंटचा ओटा वापरावा. थर पातळ ठेवून दिवसातून काही वेळा माल उलटावा. सायंकाळी दव पडण्यापूर्वी तो गोळा करून झाकावा. अवेळी पावसाचा धोका खानदेशास नवीन नाही; म्हणून पथारीच्या आकारमानाला पुरेल एवढे आच्छादन आधीच जवळ असावे. भिजलेला, काळा पडलेला वा बुरशी आलेला माल वेगळा काढावा आणि तो दळून चांगल्या मालात मिसळू नये. दळल्यावर दोष नजरेआड होतो. परंतु विष तेवढेच राहते. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. कुत्री, शेळ्या व कोंबड्या पथारीवर फिरू नयेत, यासाठी साधे कुंपणही पुरते. मोठ्या पथारीमालकांनी ओलावामापक घेतल्यास किंवा काही जणांनी मिळून तो घेतल्यास अंदाजाने चालणारे काम मोजमापाने होऊ शकेल.

रंग, तेल आणि डंका

मिरचीचा लाल रंग नैसर्गिक आहे. साठवणीत, विशेषतः ऊन व ओलावा लागल्यास, तो हळूहळू फिकट होतो. फिकट माल ताजा भासविण्यासाठी बाहेरून रंग मिसळण्याचा मोह येथेच उत्पन्न होतो. तिखटात बाहेरचा कोणताही रंग असता कामा नये, असे मानक सांगते. खाण्याचे रंग म्हणून बाजारात मिळणारे परवानगीचे रंगही तिखटात चालत नाहीत, ही बाब अनेक लहान उत्पादकांना ठाऊक नसते. खाद्यतेल मात्र वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. पण तेलाचा प्रकार व प्रमाण पाकिटावर लिहावे लागते.

तिखटाची एक परीक्षा घरी किंवा शाळेत करता येते. काचेच्या पेल्यातील पाण्यावर चिमूटभर तिखट टाकावे. पाण्यात रंगाच्या रेषा उतरल्या, तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असल्याचा संशय येतो. तळाशी जड, खरखरीत गाळ बसल्यास विटेची भुकटी अथवा वाळू असू शकते. मात्र या परीक्षेची मर्यादा ध्यानात घ्यावी. ‘सुदान’ जातीचे रंग तेलात विरघळतात, पाण्यात नव्हे. मिरचीचा नैसर्गिक रंगही तेलातच उतरतो. त्यामुळे पेल्यातले पाणी स्वच्छ राहिले म्हणजे तिखट निर्दोष ठरले, असे होत नाही. ती खात्री प्रयोगशाळेतच होते.

डंकाचालकाचे स्थान या साखळीत महत्त्वाचे आहे. एकाच डंक्यावर मिरची, हळद, धने आणि इतर मसाले कुटले जातात. प्रत्येक वेळी यंत्र झाडून न घेतल्यास एका मालाची भुकटी दुसऱ्यात जाते. झिजलेल्या भागांतून लोखंडाचे कण उतरतात. त्यांसाठी बाहेर पडणाऱ्या तिखटाच्या मार्गावर लोहचुंबक बसविणे सोयीचे असते. कामगारांनी नाक-तोंडाला फडके व डोक्याला रुमाल बांधणे हे मालाच्या स्वच्छतेसाठी जसे आवश्यक, तसेच त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठीही आवश्यक आहे. देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांची व डोळ्यांची आग हाही दुर्लक्षिण्याजोगा विषय नाही. पथारीवर हात धुण्यास भरपूर स्वच्छ पाणी व साबण ठेवल्याने मजूर आणि माल या दोहोंचे रक्षण होते.

पाकीट, लेबल आणि वजन

दळलेले मसाले सुटे विकण्यास मनाई आहे. तिखट बंद पाकिटातूनच विकले गेले पाहिजे. आठवडे बाजारात उघड्या परातीतून तिखट विकणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी. ग्राहकाने स्वतःची मिरची आणून डंक्यावर कुटून नेणे ही मात्र विक्री नव्हे.

पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, उत्पादकाचे किंवा पाकीट भरणाऱ्याचे नाव व संपूर्ण पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, गट क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा अथवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. वैध मापन अधिनियम, २००९ व त्याखालील २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाला तक्रारीसाठी संपर्काचा तपशीलही छापावा लागतो. इलेक्ट्रॉनिक तराजूची दरवर्षी फेरपडताळणी करून घेणे बंधनकारक आहे.

या सर्व नोंदींत गट क्रमांकाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वस्तुतः लहान उत्पादकाला त्याचाच सर्वाधिक उपयोग आहे. कोणत्या दिवशी, कोणाकडून घेतलेल्या मिरचीचे, किती पाकिटे तिखट भरले, हे एका साध्या वहीत क्रमांकानुसार लिहिल्यास, दोष आढळताच तेवढाच गट दुकानांतून परत मागविता येतो. वही नसेल, तर सगळाच माल परत घ्यावा लागतो. असुरक्षित माल बाजारात गेल्याचे कळताच तो परत मागविणे व अधिकाऱ्यांना कळविणे हे कायद्याने व्यावसायिकाचे कर्तव्य ठरविले आहे.

नोंदणीची सोपी वाट

लहान व्यावसायिकांना परवान्याऐवजी नोंदणीची सवलत आहे. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेले लघु व कुटीर अन्नउद्योग, तसेच किरकोळ विक्रेते व फेरीवाले यांना नोंदणीच्या वर्गात घातले आणि वार्षिक शुल्क १०० रुपये ठेवले. उलाढालीच्या मर्यादा व शुल्क यांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून अर्ज करतेवेळी प्रचलित आकडे पाहून घ्यावेत. अर्ज ऑनलाइन करता येतो.

त्याच नियमावलीनुसार, अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारणे लेखी देऊन ती नाकारावी किंवा तपासणीचा आदेश काढावा, असे बंधन अधिकाऱ्यांवर घालण्यात आले. पंचायत सदस्यांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद उल्लेखनीय आहे. राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी अधिसूचित केल्यास पंचायतीच्या अधिकाऱ्यालाही नोंदणी प्राधिकारी होता येते. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यात पूर्ण दिवस मोडतो, हे लक्षात घेता या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

बिल : लहान व्यावसायिकाची ढाल

कायद्याच्या कलम २६ नुसार, माल विक्रेत्याला देताना त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते. मालाचे बिल, रोख पावती अथवा बीजक हीच अशी हमी मानली जाते, असेही तेथे नमूद आहे. बचतगटाने घाऊक व्यापाऱ्याकडून मिरची अथवा दुकानदाराने उत्पादकाकडून तिखट घेताना पक्के बिल घेतले, तर दोषाचा माग मागच्या हातापर्यंत नेता येतो. योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करणे कायद्याने बचाव म्हणून मान्य केले आहे. पण ते कागदाशिवाय सिद्ध होत नाही. बिलाशिवाय मिळणारा दोन रुपये स्वस्त माल वस्तुतः किती महाग आहे, हे नमुना घेतला जातो त्या दिवशी कळते.

नमुना घेण्याची पद्धतही माहीत असावी. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याची बाजारभावाने किंमत देतो व नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो आणि अहवाल मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते. चौथ्या भागाचा हक्क अनेक लहान व्यावसायिक अज्ञानामुळे वापरीत नाहीत.

शिक्षेच्या बाबतीत कायद्याने तारतम्य ठेवले आहे. कमी दर्जाच्या मालासाठी २००६ च्या अधिनियमात पाच लाख रुपयांपर्यंत व चुकीच्या लेबलासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दंड ठरविताना मिळालेला गैरफायदा, झालेले नुकसान, चूक वारंवार घडली का व ती जाणूनबुजून केली का, हे पाहावयाचे असते. प्रथम सुधारणा नोटीस देऊन उणीव दूर करण्याची संधी देण्याचीही सोय आहे. याशिवाय, २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक आणि विक्रेता यांच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे.

पंचायत, शाळा आणि बचतगट

नियम केवळ अधिकाऱ्यांच्या तपासणीने रुजत नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील डंके, पथाऱ्या, मसाला व आमचूर तयार करणारे गट यांची यादी करून त्यांतील किती जणांची नोंदणी झाली आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखविल्यास पहिले पाऊल पडेल. आठवडे बाजारात पिण्यायोग्य पाणी, सावली व ओटे पुरविणे हे पंचायतीच्या हाती आहे. धडगाव परिसरातील आदिवासी कुटुंबे आंबा वाळवून आमचूर तयार करतात. स्वच्छ जागा, पुरेशी वाळवण व कोरडी साठवण हे मिरचीचे नियम त्यालाही तंतोतंत लागू पडतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा नावलौकिकाचे रक्षण अखेर मालाच्या शुद्धतेनेच होते. केंद्र शासनाने जून २०२० मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. अशा योजनांतून ओलावामापक, झाकलेली वाळवणी व पाकीटबंद यंत्रे घेण्याचा विचार गटांनी करावा.

शिक्षकांची भूमिका दुहेरी आहे. पाण्याच्या पेल्याची परीक्षा आणि ओलाव्याचा हिशेब हे विज्ञान व गणित यांचे उत्तम पाठ होऊ शकतात. शाळेच्या पोषण आहारात वापरले जाणारे तिखट व हळद नोंदणी क्रमांक, गट क्रमांक आणि मुदत पाहूनच स्वीकारले जावे व त्याचे बिल जपून ठेवले जावे, याकडेही त्यांनी लक्ष पुरवावे. आश्रमशाळेतील शेकडो मुले एकाच पातेल्यातील आमटी खातात; तेथे एका पोत्याचा दोष एका घरापुरता राहत नाही. कोणत्याही खरेदीदाराला ठराविक शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, ही तरतूद शाळा व्यवस्थापन समितीलाही उपयोगी पडणारी आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

नंदुरबारच्या मिरचीचे नाव शेतकऱ्याच्या घामावर व देठ खुडणाऱ्या हातांच्या कष्टावर उभे आहे. ते राखण्यासाठी फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. पुरेशी वाळलेली मिरची, रंगाविना दळलेले तिखट, खरे लेबल, पक्के बिल आणि एक नोंदवही एवढी सामग्री लहानातल्या लहान व्यावसायिकालाही परवडणारी आहे. पंचायत, शाळा आणि प्रशासन यांनी ही माहिती प्रत्येक डंक्यापर्यंत व प्रत्येक गटापर्यंत पोचविल्यास नियमांची भीती कमी होईल, ग्राहकाचे आरोग्य सुरक्षित राहील आणि दुसऱ्याच्या चुकीची किंमत प्रामाणिक उत्पादकाला मोजावी लागणार नाही.